मधली पाच मिनिटं



अमेरिकेत शाळेत, चर्चमध्ये, भर बाजारात गोळीबार होतो. दोन दिवस बातम्या चालतात आणि तिसऱ्या दिवशी एखादा पुढारी माईकसमोर येऊन सांगतो, की हा प्रश्न बंदुकीचा नाही, मानसिक आजाराचा आहे. आपल्याकडेही ‘माथेफिरूचा गोळीबार’ असाच मथळा छापून येतो. मानसोपचाराचं काम करणाऱ्या माझ्यासारख्याच्या हे जिव्हारी लागतं. कारण असं काही ऐकलं, की घरात बसलेला स्किझोफ्रेनियाचा रुग्ण आणखी अंग चोरून घेतो आणि त्याची आई त्याच्या गोळ्यांचं पाकीट पाहुण्यांपासून लपवायला लागते.

संशोधन काय सांगतं? ड्यूक विद्यापीठातले जेफ्री स्वॉन्सन यांनी उभी हयात या एका प्रश्नावर घालवली आहे. १९९० साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी शहरांतल्या हजारो सर्वसामान्य नागरिकांच्या मुलाखतींवरून एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून निघालेला हिशेब असा, की स्किझोफ्रेनिया, बायपोलर, तीव्र नैराश्य हे सगळे गंभीर आजार उद्या समूळ नाहीसे झाले, तरी समाजातली हिंसा साधारण चार टक्क्यांनी कमी होईल. बाकीची शहाण्णव टक्के जिथल्या तिथे राहील. तिची मुळं दारूत आहेत, नशेत आहेत, लहानपणी सोसलेल्या मारहाणीत आहेत.

मग मानसिक आजार आणि बंदूक यांचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि फार मोठा आहे. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीनं ४८,८३० माणसं गेली. त्यांतल्या २६,३२८ जणांनी स्वतःचाच जीव घेतला होता. म्हणजे निम्म्याहून जास्त. टीव्हीवर दिसणाऱ्या सामूहिक हत्याकांडांचा वाटा या आकड्यात अगदी थोडा. देशभर वाद चालतो तो त्या थोड्यांवर. आपल्या खोलीत एकटाच गेलेल्या माणसासाठी कोणी माईकसमोर येत नाही.

कॅलिफोर्नियात दोन कोटी साठ लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदी तपासून २०२० साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या पुरुषांच्या नावावर पिस्तूल होतं, त्यांच्यात बंदुकीनं आत्महत्या होण्याचं प्रमाण पिस्तूल नसलेल्या पुरुषांच्या आठपट निघालं. स्त्रियांमध्ये ते पस्तीसपट होतं.

इथं कोणीही म्हणेल, “डॉक्टर, ज्याला मरायचंच आहे त्याला कोण अडवणार? बंदूक नाही तर दुसरं काही.” हे मी अमेरिकेतल्या चर्चांमध्ये वाचतो आणि आपल्या गावांतही ऐकतो. पण ते खरं नाही. टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात आत्महत्येच्या गंभीर प्रयत्नातून वाचलेल्या १५३ तरुणांशी संशोधक बोलले. विचार पक्का झाल्यापासून कृतीपर्यंत किती वेळ गेला, असं त्यांनी विचारलं. चारांतल्या जवळजवळ एकाचं उत्तर होतं, पाच मिनिटांहूनही कमी. दुःख महिनोन्‌महिने साचलेलं असतं, पण तो टोकाचा क्षण फार छोटा असतो. तो टळला, तर माणूस बहुधा टिकतो. प्रयत्नातून वाचलेल्यांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणारे अभ्यास सांगतात, की दहांतले नऊ जण पुढे आत्महत्येनं जात नाहीत. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, असं आपण नुसतं म्हणून सोडून देतो. ती वेळ येऊ न देणं पुष्कळदा आपल्या हातात असतं. बंदूक मात्र मन बदलायला सवडच ठेवत नाही.

न्यू हॅम्पशायर या छोट्या राज्यातली एक हकिगत मला फार महत्त्वाची वाटते. तिथल्या हुकसेट गावात राल्फ डेमिको यांचं शस्त्रांचं दुकान होतं. २००९ साली एका आठवड्याच्या आत तीन गिऱ्हाइकांनी त्या दुकानातून बंदूक घेतली आणि घेतल्यावर काही तासांतच तिघांनीही जीव दिला. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. खरेदी कायदेशीर होती, कागदपत्रं चोख होती. डेमिको यांना हात झटकता आले असते. त्याऐवजी ते सार्वजनिक आरोग्याचं काम करणाऱ्यांबरोबर एका टेबलाशी बसले. बंदूकवाले आणि बंदुकीच्या प्रश्नावर संशोधन करणारे एकत्र बसणं अमेरिकेत किती दुर्मीळ आहे, हे तिथं राहिलेल्यांना ठाऊक असेल. या सगळ्यांनी मिळून दुकानदारांसाठी सूचनांचं एक पत्रक केलं. गिऱ्हाईक बंदूक साफ कशी करायची, ठेवायची कशी, याची चौकशीच करत नसेल, कुठलीही चालेल म्हणत असेल, नुकताच घटस्फोट झाल्याचं किंवा नोकरी गेल्याचं बोलून जात असेल, तर विक्री करू नका; नाही म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे. अमेरिकेत शस्त्रसुरक्षेचे दहा नियम प्रत्येक शिकाऱ्याला पाठ असतात. या मंडळींनी त्यांत अकरावा घातला: घरातलं कोणी आत्महत्येचा विचार करत असेल, तर बंदुका काही काळ घराबाहेर ठेवा. पुढं अचानक भेटी देऊन पाहिलं, तेव्हा राज्यातल्या जवळजवळ निम्म्या दुकानांत हे साहित्य लावलेलं होतं. कुठल्याही कायद्यानं त्यांना ते लावायला लावलं नव्हतं.

अर्थात कायदाही लागतोच. कनेक्टिकट राज्यानं १९९९ साली असा कायदा केला, की माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करील असं सबळ कारण दिसलं, तर न्यायाधीशाच्या आदेशानं पोलीस त्याच्या बंदुका काही काळ ताब्यात घेऊ शकतात. आता अशा कायद्यांना ‘रेड फ्लॅग’ कायदे म्हणतात. यात आजाराचं नाव पाहिलं जात नाही, त्या दिवसांतलं वागणं पाहिलं जातं, आणि मला हाच त्यातला शहाणपणा वाटतो. स्वॉन्सन यांनी तिथली ७६२ प्रकरणं तपासली आणि अंदाज काढला, की दर दहा ते वीस जप्त्यांमागे एक आत्महत्या टळली. कोर्टाच्या निर्णयाची किंवा सक्तीनं इस्पितळात दाखल केल्याची नोंद पाहूनच बंदी घालणारा जुना कायदा किती तोकडा आहे, हेही त्यांच्याच कामातून दिसलं. फ्लोरिडातल्या गंभीर मनोरुग्णांपैकी ज्यांनी बंदुकीनं जीव दिला, त्यांतल्या दहांपैकी सात जणांना त्या दिवशीही बंदूक विकत घ्यायला कायद्याची आडकाठी नव्हती.

हे सगळं ज्ञान इतक्या उशिरा का आलं, तेही सांगायला हवं. १९९६ साली अर्कान्सासचे खासदार जे डिकी यांनी अमेरिकी अर्थसंकल्पात एक कलम घातलं. बंदूक-नियंत्रणाचा प्रचार होईल असा खर्च रोगनियंत्रण केंद्र, म्हणजे सीडीसी, यानं करू नये, असं ते कलम. संशोधनावर उघड बंदी नव्हती. पण निधी कापला गेला आणि वीसहून अधिक वर्षं त्या संस्थेतलं हे काम जवळपास थिजलं. त्या वेळी डिकी यांच्या विरोधात उभे होते सीडीसीचे डॉक्टर मार्क रोझेनबर्ग. पुढे हे दोघे मित्र झाले, आणि २०१२ साली दोघांनी मिळून वर्तमानपत्रात लेख लिहून संशोधन पुन्हा सुरू करण्याची मागणी केली. डिकी २०१७ मध्ये वारले. निधी मंजूर झाला तो २०१९च्या डिसेंबरात, अडीच कोटी डॉलर. मधल्या वर्षांत किती घरं उजाड झाली असतील, या विचारानं मला आजही संताप येतो.

आपल्याकडे बंदुकीचा परवाना सहजासहजी मिळत नाही. पण तिचं काम इथं फवारणीचं औषध करतं; खेड्यातल्या घरात ते कोनाड्यात, खाटेखाली, हाताला येईल असं पडलेलं असतं. श्रीलंकेनं १९९५ पासून सर्वांत घातक कीटकनाशकांवर एकेक करून बंदी आणली. वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरलं, आणि पिकाचं उत्पन्न घटलं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२च्या अहवालात महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्यांची नोंद आहे. देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. शेतकऱ्याचं कर्ज, नापिकी, भाव यांवर बोलायलाच हवं. त्याबरोबर औषधाच्या डब्याला कुलूप हवं, आणि ते आज संध्याकाळीही लावता येतं.

कुलपाची हीच गोष्ट बंदुकीलाही लागू आहे. न्यू जर्सीत, टेक्सासात ज्यांची मुलं-नातवंडं राहतात, त्यांनी फोनवर एवढं जरूर सांगावं: मूल मित्राच्या घरी खेळायला जाणार असेल, तर त्या घरात बंदूक आहे का आणि ती कुलपात आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

आणि सगळ्यांनाच विनंती. घरातलं माणूस अबोल झालं असेल, निरवानिरवीची भाषा करत असेल, तर सरळ विचारा: “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, हे अभ्यासांनी पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. उत्तर हो आलं, तर त्याला एकटं सोडू नका, घातक वस्तू घराबाहेर हलवा आणि डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलि-मानस सेवा दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. क्रमांक कागदावर घ्या आणि घरातल्या सगळ्यांना दिसेल असा लावा: १४४१६.