बोनसचे हजार रुपये येतात कुठून?

आज आपण पैशाबद्दलच बोलणार आहोत, पण बचत आणि हप्ते बाजूला ठेवून. मोबाइलवर पैसे लावून पत्ते खेळतात, पोकर म्हणा, रमी म्हणा, त्यात सुरुवातीला जो ‘बोनस’ मिळतो, त्याचा हिशेब आज मांडायचा आहे.

हा विषय गटात कशाला, असं काही जणींना वाटेल. आम्ही सहयोगिनी गावोगाव बैठका घेतो. कर्ज कशासाठी हवं, असं विचारल्यावर एखादी ताई अडखळली, की पुष्कळदा घरातल्या कुणाचा तरी मोबाइलवरचा खेळ पुढे येतो. आणि प्रत्येक घरातलं वाक्य एकच असतं, “सुरुवातीला कंपनीनंच हजार रुपये दिले होते.” तेव्हा कंपनी हजार रुपये कशी देते, ते पाहू. वही-पेन घेऊन बसा.

आधी कंपनी कमावते कशी, ते समजून घ्या. पोकरमध्ये खेळणारे एकमेकांविरुद्ध खेळतात, कंपनी खेळत नाही. डावात जमलेल्या पैशातून ती आपला हिस्सा कापून घेते. त्याला ‘रेक’ म्हणतात. बाजारात अडत्या जशी अडत घेतो, तसंच हे. शेतकऱ्याला फायदा होवो की तोटा, अडत ठरलेली. समजा, डावात ४०० रुपये जमले आणि रेक ५ टक्के आहे. २० रुपये कंपनीला गेले, जिंकणाऱ्याला ३८० मिळाले. पुढच्या डावात पुन्हा कापले. चौघांनी हजार-हजार रुपये घेऊन रात्रभर खेळायचं ठरवलं, तर सकाळी चौघांचे मिळून ४,००० उरत नाहीत. जिंकणारा एखादा असेल, पण चौघांचा एकत्र हिशेब तोट्यातच असतो.

आता बोनस. जाहिरात म्हणते, हजार रुपये भरा, हजार रुपये बोनस मिळवा. भरल्यावर स्क्रीनवर २,००० दिसतात. पण त्यातले बोनसचे हजार काढता येत नाहीत. ते कुलपात असतात, आणि कुलूप उघडतं ते रेक भरल्यावर. प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा असतो, पण रीत हीच. आपण एक उदाहरण धरू. आपल्या वाट्याचा ५०० रुपये रेक कापला गेला, की बोनसमधले १०० रुपये सुटतात. मग हजार रुपये सुटायला किती रेक द्यावा लागेल? दहा वेळा पाचशे, म्हणजे ५,००० रुपये. आणि ५ टक्क्यांनी ५,००० रुपये रेक व्हायला आपल्या वाट्याचे किती पैसे डावांतून फिरायला हवेत? १ लाख रुपये.

वहीत लिहिलं का? पाच हजार देऊन एक हजार परत. हा बोनस म्हणजे आपल्याच पैशातून दिलेली सूट. दुकानदारानं आधी किंमत वाढवावी आणि मग त्यातलेच चार पैसे परत देऊन उपकार दाखवावेत, तसला हा प्रकार.

याला मुदतही असते. ३० दिवस, ६० दिवस, जी असेल ती. तेवढ्यात रेक पुरा झाला नाही, तर उरलेला बोनस रद्द. मधेच आपले स्वतःचे पैसे काढले, तरी बऱ्याच ठिकाणी बोनस जातो. म्हणून पोरगा रात्री दोनला म्हणतो, “थोडंच राहिलंय, आता सोडलं तर बोनस जाईल.” दिवसाला एक-दोन डाव खेळणारा त्या मुदतीच्या धाकानं चाळीस डाव खेळायला लागतो. बोनस द्यायचा तो याचसाठी.

आमच्या एका गटात एका ताईनं खतासाठी म्हणून १५,००० रुपये मागितले. मागच्या वेळचं कर्ज अजून फिटलं नव्हतं. बायकांनी मायेनं विचारलं, तेव्हा समजलं की मागचे पैसे मुलानं खेळात घातले. ताईला वाटत होतं, बोनस सुटला की सगळं फिटेल. गटानं तिला दूर लोटलं नाही. मुलाला बैठकीला बोलावलं आणि वर मांडला तोच हिशेब त्याच्याच मोबाइलमधले नियम वाचून त्याच्याकडून करून घेतला. तो गप्प बसला. कर्ज मंजूर झालं, पण पैसे हातात न देता खताच्या दुकानात थेट भरले. आपण गटात शेकडा दोन रुपये महिना व्याज घेतो, पण ते व्याज गटातच राहतं आणि वर्षाअखेर आपल्याच वाट्याला येतं. रेक गेला की गेला.

आता कायद्याचं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन खेळांचा कायदा मंजूर केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणं, त्यांची जाहिरात करणं, बँकांनी त्यांचे व्यवहार करणं, यांवर त्यात बंदी आहे. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. म्हणून मुलगा अडकला असेल तर पोलिसांच्या भीतीनं लपवू नका.

त्या कायद्यानंतर देशातल्या मोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ थांबवले. पण टेलिग्राम-व्हॉट्सअॅपवर लिंक येणं थांबलेलं नाही. बाहेरच्या देशातून चालणारे हे खेळ बोनस आणखी मोठा दाखवतात, आणि पैसे अडकले तर दाद मागायला कुणी समोर नसतं. “बोनस काढायचा असेल तर आधी कर भरा,” असा निरोप आला तर ती सरळ फसवणूक समजा. जिंकलेल्या रकमेवरचा कर देणाऱ्यानं कापूनच द्यायचा असतो, तो आपल्याकडून वेगळा मागत नाहीत. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम थांबवता येण्याची आशा जास्त.

आणखी एक. “मैत्रिणीला जोडा, दोघींना बोनस” असाही निरोप येतो. गटातली ओळख आणि विश्वास ही आपली खरी ठेव आहे. ती कुणाच्या लिंकसाठी वापरू देऊ नका.

पुढच्या बैठकीत हा हिशेब फळ्यावर मांडा. घरातल्या मुलांना बोलावा, पुरुषांनाही बोलावा. रागावू नका, आकडे त्यांनाच लिहायला सांगा. पाच हजार आणि एक हजार शेजारी-शेजारी लिहिले, की फार बोलावं लागत नाही.