प्रोसेसरची जबानी

बँकेचा व्यवहार करताना आपल्या यंत्रातून निघणारा मजकूर वाटेत कोणास वाचता येऊ नये म्हणून त्याचे जे कूटलेखन होते, त्याची सर्वांत प्रचलित पद्धती म्हणजे दोन बेल्जियन कूटशास्त्रज्ञांनी रचलेली व अमेरिकेच्या मानकसंस्थेने २००१ साली मंजूर केलेली एईएस ही होय. तीत मजकुराचे १६ बाइटांचे तुकडे पाडून, किल्ली सर्वांत लहान असली तरी, प्रत्येकावर १० फेऱ्या चालवाव्या लागतात. आणि जुन्या प्रोसेसरला एकेका फेरीसाठी कोष्टके धुंडाळीत कित्येक बारीकसारीक हुकूम बजावावे लागत. २०१० साली इंटेलने बाजारात आणलेल्या प्रोसेसरांत ही अख्खी फेरी एकाच हुकमात उरकण्याची तजवीज झाली.

परंतु प्रोग्राम लिहिणारास तो कोणत्या यंत्रावर चालणार हे ठाऊक नसते. ज्याला नवा हुकूम मुळातच कळत नाही अशा प्रोसेसरला तो दिला, तर कार्यप्रणाली त्या प्रोग्रामला तत्क्षणी बरखास्त करते. आणि या भीतीने सर्वत्र जुनीच रीत ठेवावी, तर नव्या यंत्राचे सामर्थ्य पडून राहते. म्हणून शहाणा प्रोग्राम दोन्ही रीती जवळ बाळगतो आणि आरंभीच प्रोसेसरची जबानी घेतो. पेंटियमच्या काळापासून त्यासाठी सीपीयूआयडी नावाचा हुकूम आहे. त्याच्या उत्तरातील एका ठरावीक रकान्यात, शून्यापासून मोजता पंचविसाव्या जागी, एक आढळला की एईएसची सोय आहे असे समजावे. हा प्रश्न विचारणे वेळखाऊ असल्यामुळे तो एकदाच विचारून निवडलेल्या रीतीचा पत्ता नोंदवून ठेवतात.

मात्र एकट्या प्रोसेसरच्या जबानीवर सर्वस्वी विसंबणे, माझ्या मते, या कामातील सर्वांत फसवे धाडस आहे. उदाहरणार्थ, एव्हीएक्स या दुसऱ्या हुकूमसंचाचे रजिस्टर, म्हणजे आकडे ठेवण्याचे प्रोसेसरमधील कप्पे, २५६ बिटांचे असतात. ते आहेत असे प्रोसेसर प्रामाणिकपणे सांगेल, पण एका कामावरून दुसऱ्याकडे वळताना कार्यप्रणाली त्यांतील ऐवज जपून ठेवीत नसेल, तर एका प्रोग्रामचे आकडे दुसऱ्याच्या हातून पुसले जातील. सबब तिचीही स्वतंत्र साक्ष काढावी लागते. एआरएम जातीच्या प्रोसेसरांच्या राज्यात तर हा प्रश्न प्रोसेसरला थेट विचारण्याचा अधिकार मुळात कार्यप्रणालीचा असल्याने लिनक्सवरील सामान्य प्रोग्राम तिने दिलेल्या दाखल्यावरच निर्णय घेतो. आणि तो पाहणे अगत्याचे, कारण रास्पबेरी पाय ४ हा त्या जातीचा छोटा संगणक ६४ बिटी असूनही त्याच्या प्रोसेसरात एईएसचे हुकूम नाहीत.

हा खटाटोप केवळ वेगासाठी नव्हे. कोष्टक धुंडाळण्यास लागणाऱ्या वेळेच्या सूक्ष्म फरकावरून किल्ली हुडकता येते, हे कूटशास्त्रज्ञ डॅनियल बर्नस्टाइन यांनी २००५ साली दाखवून दिले. प्रोसेसरच्या अंगच्या हुकमांत ती कोष्टकेच उरत नाहीत. मग ज्या यंत्राचे उत्तर नकारार्थी येते त्याने काय करावे? याच बर्नस्टाइन यांची चाचा२० ही पद्धती साध्या बेरजा आणि बिटांची फिरवाफिरव यांवर चालते, तिला कोष्टक लागत नाही. एईएसचे हुकूम नसलेल्या अँड्रॉइड फोनांवरील क्रोममध्ये गूगलने २०१४ साली तिचाच अवलंब केला, आणि तेथे ती एईएसच्या सुमारे तिप्पट वेगाने चालली.