अल्लीपूरची भाकर



आज आम्ही तुम्हांला एका जेवणाची गोष्ट सांगणार आहोत. जेवण साधेच होते. पण ते आम्ही अजून विसरलो नाही.

आम्हांला एकट्याने गावे हिंडायची सवय आहे. लोक म्हणतात, सोबतीला कोणी असावे. पण चौघे मिळून गेले की चौघे आपसांतच बोलत बसतात. एकट्याला तसे करता येत नाही. तांब्याभर पाणी हवे असले तरी त्याला परक्याशी बोलावे लागते.

वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाट तालुक्यात, अल्लीपूर नावाचे गाव आहे. सगळा काळ्या मातीचा, कापसाचा मुलूख. थंडीचे दिवस होते. गावात फिरता फिरता आमची शेवटची एसटी चुकली. चूक आमचीच. आम्ही थांब्यावर बसलो होतो. एक आजी तुरीच्या शेंगांचे गाठोडे डोक्यावर घेऊन वावरातून येत होत्या. बरोबर त्यांचा लेक होता. आजी थांबल्या. म्हणाल्या, "कोठचे जी तुमी? गाडी तं गेली. चाला घरी."

घरी गेलो. पाणी मिळाले. तेवढ्यात शेजारचे एक गृहस्थ येऊन बसले. "आडनाव काय भाऊ तुमचं?" त्यांनी विचारले. का विचारले ते आम्हांला कळले. तुम्हांलाही कळले असेल. आम्ही तोंड उघडणार, तोच आजी चुलीजवळून म्हणाल्या, "त्याईले आधी जेवू दे." गृहस्थ गप्प झाले, आणि थोड्या वेळाने उठून गेले.

आम्ही शेंगा सोलायला बसलो. ही रीत आम्ही गाडगेबाबांकडून घेतली. बाबांचा जन्म 1876 सालचा, अमरावती जिल्ह्यातला. 1905 साली त्यांनी घर सोडले, आणि 1956 साली देह ठेवीपर्यंत ते गावोगाव हिंडले. हातात झाडू आणि एक मातीचे गाडगे. आधी गाव झाडायचे, मग भाकर मागायची. ती गाडग्यात घेऊन खायची. आमच्याने काही गाव झाडवले नाही. शेंगा मात्र पायलीभर सोलल्या.

आजींनी नातवाला हाक मारली. "जाय रे, वावरातून सांभार आन." आम्ही मनात म्हटले, सांबार तर हॉटेलात इडलीबरोबर मिळते. ते वावरात कसे पिकते? पोरगा हिरवीगार कोथिंबीर घेऊन आला! तिकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. आम्ही हे बोलून दाखवले, तशी आजींना हसू आवरेना.

मग पातोडीचा रस्सा झाला. बेसन शिजवून घट्ट करायचे, ताटात थापायचे, वड्या कापायच्या, आणि त्या झणझणीत रश्शात सोडायच्या. वरून सांभार. पहिल्याच घासाला आमच्या डोळ्यांना पाणी आले. आजींनी न विचारता दुसरी भाकर वाढली.

"ज्वारी घरची का?" आम्ही विचारले.

"घरची कोठची? इकत आनली," आजी म्हणाल्या. त्यांच्या लेकाने सारे सांगितले. सोयाबीन आली, तशी ज्वारी मागे पडली. थोडी पेरली तर रानडुकरे आणि पाखरे कणीस ठेवत नाहीत. ज्वारी नाही, म्हणून कडबा नाही. कडबा नाही, म्हणून गोठ्यात आता एकच गाय. पूर्वी दोन बैलजोड्या होत्या. ताटात पडलेल्या एका भाकरीवरून आम्हांला एवढे कळले. रस्त्याने जाताना ते कळले नसते.

गोठ्याचे नाव निघाले आणि आजी थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "त्या गोठ्यात म्या एका मानसाले वाढलं होतं."

आजींचे नवे लग्न झाले होते, तेव्हाची गोष्ट. असाच एक वाटसरू आला, एकटा. सासूबाईंनी जात विचारली. त्याने खरी सांगितली. मग त्याला गोठ्यात बसवले. भाकर वरून हातावर टाकली. पाणी वरून ओंजळीत ओतले. तो जेवला. जेवल्यावर बसलेली जागा त्यानेच शेणाने सारवली, आणि अंधारात निघून गेला.

"भाकर देल्ली," आजी म्हणाल्या. "पन कोन्या गावचा, कोठं चालला, लेकरंबाळं हायेत का, काई नाई इचारलं. जातच इचारली फक्त."

वर्धा शहरात जमनालाल बजाजांनी 1928 साली आपले लक्ष्मीनारायणाचे मंदिर दलितांना खुले केले. मोठे धाडसाचे काम होते ते. पण देवळाचे दार एका दिवशी उघडता येते. घराघरांतल्या चुलीचे तसे नसते. आजींची गोष्ट त्यानंतर कितीतरी वर्षांनी घडलेली.

आम्ही काही बोललो नाही. काय बोलणार? आजींनी उरलेल्या भाकरी झाकून ठेवल्या आणि आम्हांला घोंगडी आणून दिली.

सकाळी त्यांनी दोन भाकरी आणि मिरचीचा ठेचा कागदात बांधून दिला. आम्ही थांब्यावर आलो. तिथे कालचे ते शेजारी उभे होते. जरा वेळ ते दुसरीकडे पाहत राहिले. मग जवळ येऊन म्हणाले, "तुमच्याकडं कापसाले काय भाव हाये जी?"

आमच्याकडे कापूस पिकत नाही, असे आम्ही सांगितले. मग काय पिकते, ते त्यांनी विचारले. गाडी अर्धा तास उशिरा आली. तोवर आमचे बोलणे चालू होते.