जयमंगल अष्टगाथा आणि आपली मुले



आपल्या लग्नमंडपात जयमंगल अष्टगाथा हमखास म्हटल्या जातात. आम्हीही त्या लहानपणापासून म्हणत आलो. एका लग्नात आमच्या धाकट्याने विचारले, "बाबा, दर वेळी शेवटी तेच ते का म्हणतात?" आम्ही कला शाखेचे पदवीधर, दिवसभर बँकेत लोकांना फॉर्म समजावून सांगणारे, पण उत्तर देता आले नाही. "फुले टाक आणि गप्प बस," एवढेच बोललो. त्याची लाज वाटली.

मग अर्थ वाचला. आठ गाथांत भगवान बुद्धांचे आठ विजय आहेत: मार, आलवक, नालागिरी हत्ती, अंगुलिमाल, चिंचा, सच्चक, नंदोपनंद आणि बकब्रह्मा. हे विजय शस्त्राने मिळवलेले नाहीत. मत्त हत्ती मैत्रीने शांत झाला. खोटा आळ घेणाऱ्या चिंचेपुढे भगवान शांत राहिले. वादाला आलेल्या सच्चकाला प्रज्ञेने जिंकले. शेवटची ओळ पुन्हा पुन्हा येते, ती ऐकणाऱ्याचे मंगल चिंतण्यासाठी.

वृत्त वसंततिलका, ओळीत 14 अक्षरे. घाई केली तर गोडी जाते. म्हणून विहारात दर रविवारी आम्ही आधी गोष्ट सांगतो, मग एकच गाथा सावकाश म्हणतो. शेवटची ओळ फक्त मुलांची. पूर्वी जांभया देणारी मुले आता त्या ओळीची वाट पाहतात. नंदोपनंद नागराजाची गोष्ट ऐकून एका मुलीने विचारले, "काका, हे खरंच घडलं?" आम्ही म्हणालो, "गोष्ट म्हणून ऐक, पण अहंकार कसा जिंकला ते बघ." विचारल्याबद्दल तिला शाबासकीही दिली.

आपले अजिंठा जवळच आहे. तेथे 17 क्रमांकाच्या लेण्यात नालागिरीचे चित्र आहे, 26 मध्ये मारविजयाचे शिल्प आहे. मुलांना तेथे न्या. गाथेतला हत्ती त्यांना भिंतीवर भेटू द्या.

मित्रहो, 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी आपल्याला अर्थ न कळता केलेल्या कर्मकांडातून बाहेर काढले. अर्थ न सांगता आपण मुलांकडून गाथा घोकून घेतल्या, तर पुन्हा तेथेच जाऊ. मुलाने "का?" विचारले तर त्याला गप्प बसवू नका. उत्तर येत नसेल, तर त्याच्याबरोबर शोधा. आम्हाला ते उशिरा कळले, एवढेच सांगायचे होते.

जयभीम! नमो बुद्धाय!