देव सर्वांचे, रेघ ज्याची त्याची

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दिंडोशीच्या आपल्या मंडळातील कित्येक भगिनी पिशव्या, तोरणे, राख्या करून संसाराला हातभार लावतात. त्यांच्यासाठी हे चार शब्द. आरंभ माझ्याच चुकीपासून करते.

गेल्या दिवाळीत एका कॅलेंडरावरील वारली चित्र मी पिशव्यांवर उतरविले. प्रदर्शनात आरेच्या पाड्यावरची एक मुलगी थबकली. म्हणाली, "काकी, तारपानाच सगळ्यांचाच. पण फेरातून मागं वळून बघणारी ही पोर मी काढली होती." मी खाली मान घातली. बारा पिशव्या खपल्या होत्या. तिला ना पैसा, ना नाव!

मग मी चौकशी केली. गणपती, विठ्ठल, पालघाट देवी, तारपानाच यांवर कोणा एकाची मालकी नाही. ते खुशाल काढावेत. परंतु एखाद्याने स्वतःच्या हाताने रेखाटलेले चित्र त्याचे असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हा हक्क चित्रकाराच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. त्यासाठी नोंदणीही लागत नाही. राजा रविवर्मा १९०६ साली निवर्तले. त्यांची लक्ष्मी आज कोणीही भरावी. पद्मश्री जिव्या सोमा म्हसे २०१८ साली गेले. त्यांची चित्रे मात्र २०७८ अखेरपर्यंत परवानगीवाचून विकाऊ वस्तूंवर उतरविता येणार नाहीत. तसेच महाभारतातला भीम सर्वांचा, पण २००८ साली टीव्हीवर आलेला 'छोटा भीम' कंपनीचा. त्याच्या राख्या विचारल्यावाचून विकू नयेत.

'वारली चित्रकला' या नावालाही २०१४ साली भौगोलिक संकेत म्हणून नोंदणी मिळाली आहे. तेव्हा वारली पद्धतीचे काही केले, तरी ते त्या नावाने विकू नये. लग्नघरी तांदळाच्या पिठाने देवचौक काढणाऱ्या सवाशिणींनी ही कला जपली. दारी रांगोळी घालणाऱ्या आपल्याला तिचे मोल कोणी सांगावे?

म्हणून भगिनींनो, चित्र पाहावे, मग ते मिटून ठेवावे आणि आपल्या मनातले काढावे. दुसऱ्याचेच हवे असेल, तर विचारावे, मोबदला द्यावा, नाव लिहावे. मी त्या मुलीला तिचा वाटा पोहोचविला. यंदाच्या पिशव्यांवर चित्र तिचे आहे आणि खाली नावही तिचेच आहे.