स्वरयंत्र गेल्यानंतरचा आवाज
(वार्षिक सभेतील भाषणाचा मजकूर)



कर्करोग फार पसरला असेल तर रुग्णाचे संपूर्ण स्वरयंत्र काढावे लागते. ही शस्त्रक्रिया कर्करोगासाठी प्रथम केली ती व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ यांनी, १८७३ साली. त्यांचे सहकारी कार्ल गुसेनबाउअर यांनी त्याच रुग्णासाठी कृत्रिम स्वरयंत्र तयार केले. प्राण वाचविल्यावर वाणीही परत द्यावी, ही जाणीव त्या शस्त्रक्रियेइतकीच जुनी आहे.

शस्त्रक्रियेनंतर रुग्ण गळ्यावरील छिद्रातून श्वास घेतो. ओठ, जीभ, दात शाबूत असतात; नसतो तो केवळ नाद. तो मिळविण्याचे मार्ग तीन. पहिला, अन्ननलिकेत हवा घेऊन ती बाहेर सोडताना बोलणे. यास उपकरण लागत नाही, परंतु शिकण्यास अनेक महिने जातात. दुसरा, मानेला टेकवायचे विजेरीवरील कंपनयंत्र. ते लवकर साधते, पण आवाज एकसुरी येतो. तिसरा, श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामधील भिंतीत बसविलेली एकमार्गी झडप. सिंगर आणि ब्लोम यांनी १९८० च्या सुमारास ही पद्धत रूढ केली. छिद्र बोटाने झाकले की फुफ्फुसातील हवा झडपेतून घशात जाते, तेथील स्नायू कंप पावतात आणि सलग वाक्य बोलता येते.

मात्र झडप बसविली म्हणजे आवाज सुधारला, असे होत नाही. घशाचे स्नायू आवळलेले असल्यास आवाज अडतो. त्यासाठी बोट्युलिनमचे इंजेक्शन किंवा लहान शस्त्रक्रिया उपयोगी पडते. स्नायू फार सैल असल्यास आवाज क्षीण येतो. छिद्र पुरते झाकले नाही तर हवेचा फुसकारा शब्दांना झाकून टाकतो, आणि जोर लावावा तितका आवाज खरखरीत होतो. 'पाणी' म्हणावे तर 'बाणी' ऐकू येते. 'हात' मधला 'ह' हरवतो. हे सारे वाचाउपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, रोजच्या सरावाने सुधारते. स्त्रियांचा आवाज फार खालच्या पट्टीत येतो आणि फोनवर त्यांना पुरुष समजले जाते. हे दुःख आम्ही किरकोळ मानत नाही.

शस्त्रक्रियेचा खर्च एकदाच येतो. आवाजाचा वारंवार येतो. बुरशी धरल्याने झडप गळू लागते आणि काही महिन्यांनी बदलावी लागते. बंगळूरु येथील डॉ. विशाल राव आणि शशांक महेश यांनी २०१५ च्या सुमारास अल्प खर्चाची 'ऑम' झडप पुढे आणली, ती याच अडचणीतून. म्हणून देणगीदारांना आमची विनंती आहे की, आपल्या साहाय्याचा काही भाग झडपा बदलण्यासाठी व वाचोपचारासाठी राखून ठेवावा.

आप्तांना एवढेच सांगणे, की रुग्ण बोलत असताना दूरदर्शन संच बंद करावा, समोर बसावे आणि त्याचे वाक्य त्यालाच पुरे करू द्यावे. ऐकणारे कोणी असेल, तरच बोलण्याचा सराव टिकतो.