'इतर' समोरची रिकामी जागा

किनवट-हिमायतनगराकडून सकाळच्या एसटीनं आलेले आई-वडील आणि आज समाजकार्याची पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो,

तुमच्यातले बरेच जण वर्षभरात कुठल्या ना कुठल्या योजनेच्या मूल्यमापनाला जातील. मराठीनं या शब्दात मोठी सोय करून ठेवली आहे: मूल्य आधी येतं, मापन नंतर. मला मात्र हे वर्गात कळलं नाही, याच भोकर तालुक्यात एका ओसरीवर कळलं.

शिकत असताना मी सर्वेक्षणाला आले होते. घरातल्या कर्त्या माणसानं आत्महत्या केली होती. त्याची बायको सुपात तूर निवडत बसली होती. माझ्या फॉर्मवर प्रश्न होता, कर्ज कोणाचं? पुढं चार चौकटी: बँक, सोसायटी, परवानाधारक सावकार, इतर. ती सांगत गेली. बियाणं आणि खत कृषी केंद्रावरून उधारीत, लेकीच्या बाळंतपणाला भावाकडून हातउसने, बटईच्या शेतासाठी उचललेले पैसे. मी 'इतर'वर बरोबरची खूण केली आणि पान उलटलं. अहवालाच्या तक्त्यात तो रकाना गाळला गेला. तिचं अख्खं कर्ज त्या रकान्यात होतं.

त्या खुणेचं वजन मला नंतर समजलं. २००६ च्या शासन निर्णयानं आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत ठरवली. ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. पण आधी प्रकरण 'पात्र' ठरायला हवं. सातबारा मृताच्या किंवा कुटुंबातल्या कोणाच्या नावावर हवा. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. ते फिटत नव्हतं, वसुलीचा तगादा होता, हे दिसायला हवं. म्हणजे बटईनं शेत करणारा आणि उधारीवर पेरणारा माणूस आयुष्यभर शेतात राबला, तरी कागदावर तो शेतकरी म्हणून मेलाच नाही.

निकष ठरवणारे निर्दय होते असं मी म्हणणार नाही. सरकारी पैसा खोट्या प्रकरणाला जाऊ नये, हेही मूल्यच आहे, आणि ते खरं आहे. पण नियम कसाही लिहा, चुका दोन प्रकारच्या होणारच. एखाद्या वेळी नको त्याला मदत जाईल, एखाद्या वेळी हवी तिला नाकारली जाईल. यातली कुठली चूक आपल्याला जास्त सलते? कुठलंही संख्याशास्त्र याचं उत्तर देत नाही. ते आपण आधी ठरवतो, आणि मग आकडे त्याप्रमाणे पडतात. योजनेचं यश 'किती प्रकरणं निकाली निघाली' यावर मोजलं, तर 'अपात्र' शिक्का मारलेली प्रत्येक फाईलसुद्धा यशात धरली जाते. त्या ओसरीवरची बाई अशा हिशेबात निकाली निघालेली असते.

मोजण्याआधी कोणाला मोजायचं, हेही कोणीतरी ठरवतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०१३ साली देशातल्या शेतकरी आत्महत्या ११,७७२ होत्या. २०१४ साली वर्गवारी बदलली, शेतमजूर वेगळे काढले गेले, आणि शेतकऱ्यांचा आकडा ५,६५० झाला. शेजारच्या रकान्यात ६,७१० शेतमजूर होते. नुसता पहिला रकाना वाचणाऱ्याला वाटावं, संकट निम्म्यावर आलं.

आपल्या मराठवाड्यातच अशा मोजणीची दुसरी बाजूही आहे. उच्च न्यायालयासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या तुळजापूर परिसरानं शेतकरी आत्महत्यांच्या कारणांचा अभ्यास केला आणि मार्च २००५ मध्ये अहवाल दिला. समाजकार्य शिकवणाऱ्या संस्थेचा कागद न्यायासनापुढं गेला. तुमच्या फॉर्मचीही अशी वाट असू शकते, म्हणून त्यावरची एक खूण हलकी समजू नका.

आणि आधी पात्रता तपासणाऱ्या याच राज्यानं कधीकाळी उलट्या बाजूनंही विचार केला होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पोचली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम. भर उन्हात खडी फोडायला जो येतो, त्याची गरज त्याच्या येण्यातच दिसते, असा भरवसा त्यामागं होता. त्या कामांचं मूल्यमापन किती पाझर तलाव झाले यावरही करता येतं, आणि हजेरीपटावर बाईचं स्वतःचं नाव लागलं का, मजुरी तिच्या हातात पडली का, यावरही. मला विचाराल तर मी दुसऱ्यापासून सुरुवात करीन. तलाव मोजायला कोणीही जाईल.

तुम्हाला कोणी म्हणेल, भावना नको, आकडे आणा. आकडे जरूर आणा, एकही फिरवू नका. आपल्याला आवडणारी योजना फसली असेल, तर फसली असं स्वच्छ लिहा. फक्त पहिल्या पानावर हेही लिहा की यश कशाला म्हणायचं हे कोणी ठरवलं, आणि ज्यांच्यासाठी योजना आहे त्यांना ते विचारलं होतं का.

एक लहानसं काम आजच सांगते. पुढच्या वेळी फॉर्म तुम्ही तयार कराल, तेव्हा 'इतर'पुढं नुसती चौकट ठेवू नका. तीन-चार ओळी मोकळ्या सोडा, आणि गावात गेलात की पेन तिथं थांबू द्या. ती बाई तूर निवडता निवडता बराच वेळ बोलत होती.